‘रांझणा’ आणि रसाभासाचा प्रश्न

आनंद एल. राय यांचा ‘रांझणा’ हा हिंदी चित्रपट २१ जून २०१३ रोजी प्रदर्शित झाला. त्यास एक तप लोटले, तरी त्यातील प्रेमाच्या अर्थाविषयीचा वाद शमलेला नाही. काशीतील तमिळ पुरोहिताचा मुलगा कुंदन आणि मुसलमान घरातील झोया यांची ही कथा. तो तिचा पाठलाग करतो, तिच्यासाठी मनगटाची शीर कापून घेतो, आणि तिने निवडलेल्या वराचे खरे नाव लग्नाच्या दिवशी उघड करून त्याच्या मृत्यूस कारण होतो. अखेरीस झोयाची संमती असलेल्या घातात तो जाणूनबुजून पाऊल टाकतो.

काहींनी यात आत्मविलोपनाची परिसीमा पाहिली. काहींना छळाचे उदात्तीकरण दिसले. स्त्रीचा पाठलाग हा गुन्हा ठरविणारे ३५४-ड हे कलम त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या पक्षाची तीव्रता समजते.

मात्र हा आक्षेप केवळ आधुनिक आहे असे मानण्याचे कारण नाही. रती उभयनिष्ठ नसेल तर तेथे शृंगाराचा आभास होतो, असे पंडितराज जगन्नाथाने ‘रसगंगाधरा’त सतराव्या शतकातच मांडले. विलक्षण योगायोग असा की, यवनी प्रेयसीमुळे काशीच्या पंडितांनी बहिष्कृत केलेला दाक्षिणात्य ब्राह्मण ही आख्यायिका याच जगन्नाथाची. विद्याधर गोखले यांच्या नाटकामुळे ती मराठी प्रेक्षकास परिचित आहे. आभासाला रस म्हणावे की नाही, याविषयीचे दोन्ही पक्षही जगन्नाथ नोंदवितो. त्यांतील एकाच्या मते, खोड असलेला घोडा जसा घोडाच राहतो, तसा सदोष रसही रसच असतो. माझा कल या पक्षाकडे आहे. कुंदनचे वर्तन अनुचित आहे. पण चित्रपटाचा उत्तरार्ध त्या अनौचित्याचा हिशेब मागतो, आणि हे पुष्कळ टीकाकारांच्या नजरेतून निसटते. पूर्वार्धातील विनोदी हाताळणीचे समर्थन मात्र मला करता येत नाही. तेथे प्रेक्षकाला हसविले जाते ते झोयाच्या भीतीच्या मोलाने.

१ ऑगस्ट २०२५ रोजी या वादाला अनपेक्षित वळण लागले. ‘अंबिकापती’ ही चित्रपटाची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून पुन्हा चित्रगृहांत आली. मूळ चित्रपटात मरण पत्करणारा कुंदन येथे डोळे उघडतो. दिग्दर्शक आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर आक्षेप घेतला. मालकीहक्काचा प्रश्न बाजूस ठेवू. अंबिकापती हे तमिळ परंपरेत कवी कंबनच्या पुत्राचे नाव. चोळ राजकन्येवरील प्रेमापायी त्याला देहदंड झाला, अशी कथा आहे. वारिस शाहच्या काव्यातील रांझाही जगत नाही. दोन्ही भाषांतील शीर्षके प्रेक्षकाला आरंभीच मृत्यूची कल्पना देतात. शेवट सुखान्त करणाऱ्यांनी शीर्षक तसेच ठेवले. आणि उठून बसलेल्या कुंदनचे झोयाने काय करावे, हा प्रश्न त्यांच्याही आवृत्तीत अनुत्तरित आहे.