नवा कॅमेरा आणि घरातले दिवे

नवा कॅमेरा घरी आला, की ट्रायपॉड आणि मायक्रोफोन यांची तजवीज आधी केली जाते. परंतु जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात पहिले चित्रीकरण करताच पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात आणि कॅमेराच सदोष असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. आपल्याकडील विद्युत्प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, व प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा मंदावत असल्यामुळे प्रकाशाचे स्पंदन सेकंदाला १०० वेळा होते. डोळ्यांस ते जाणवत नाही, पण बहुतेक सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीमागून ओळ टिपीत असल्याने त्यांच्या नजरेतून ते सुटत नाही. शटर अमेरिकेतील ६० आवर्तनांस अनुरूप असा १/६० सेकंदावर राहिला, तर तेवढ्या अवधीत पूर्ण स्पंदने बसत नाहीत, आणि कोणा ओळीस प्रकाश अधिक, तर कोणास उणा मिळतो. सेटिंगमध्ये ‘पाल’ पद्धत निवडून सेकंदाला २५ फ्रेम व १/५० चा शटर मुक्रर केला, की प्रत्येक ओळीच्या वाट्यास नेमकी दोन स्पंदने येऊन पट्टे नाहीसे होतात. डिमरने मंद केलेल्या काही एलईडी दिव्यांची गती मात्र निराळी असते. तेथे डिमर पूर्ण उघडून पाहावा. नव्या दिव्यांवर खर्च करण्यापूर्वी वाचकांनी हा फेरबदल अवश्य करावा.