गोरोबाकाका कानडी बोलतात तेव्हा

मागच्या महिन्यात बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली आणि आमच्या एक आक्का म्हणाल्या, "गोरोबाचा सिनेमा आम्ही लहानपणी गावात पडद्यावर पाहिला. कानडीत." आक्कांचं माहेर आळंद तालुक्यातलं, म्हणजे उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकात. आम्ही हसलो. गोरोबाकाका आपल्या तेरचे, तेरणेकाठचे. ते कानडी कुठून बोलणार?

पण आक्कांचं खरं होतं. 1974 साली 'भक्त कुंभार' नावाचा कानडी चित्रपट आला. दिग्दर्शक हुणसूर कृष्णमूर्ती, आणि गोरोबा झाले राजकुमार. आपल्याकडे दादा कोंडकेंचं नाव निघालं की म्हातारी माणसंही खुलतात, तसं कर्नाटकात राजकुमारांचं. त्याआधी 1948 मध्ये तमिळमध्ये 'चक्रधारी' आला होता, तोही गोरोबांवरच. 1977 मध्ये त्याच नावाचा तेलुगू चित्रपट निघाला. तेरच्या एका कुंभाराची गोष्ट तीन भाषांतल्या लोकांनी तिकीट काढून पाहिली, आणि आम्हा शेजारच्या तालुक्यातल्या बायकांना पत्ता नव्हता!

मग आम्ही मोबाईलवर तो लावला. एक वाक्य झालं की आक्का थांबवून मराठीत सांगायच्या. गाण्यांना मात्र त्यांची गरज पडली नाही. गाणी जी. के. व्यंकटेश यांनी बांधलेली. राजकुमारांच्या तोंडी आवाज आहे पी. बी. श्रीनिवास यांचा. म्हणजे गाणारा वेगळा, पडद्यावर ओठ हलवणारा वेगळा. ही पद्धत हिंदी-मराठीतही आहे, पण आमच्या दोघीतिघींना ती त्या दिवशी पहिल्यांदा कळली. आपल्या भजनात एकजण ओळ उचलतो आणि टाळकरी ती झेलतात. ऐकणारा आणि गाणारा असा भेद फारसा राहत नाही. सिनेमात एकाच गळ्यावर सगळा भार. माणसाचं शरीर किती कच्चं, यावरचं त्यातलं गाणं कर्नाटकात आजही लावलं जातं, असं आक्का सांगतात.

आणि मग तो प्रसंग आला. तुम्हाला माहीत आहे तो. संती पाण्याला जाते, रांगतं लेकरू नवऱ्यावर सोपवून. गोरोबा चिखल तुडवतायत, मुखी विठ्ठल, भान नाही. लेकरू रांगत पायाखाली येतं.

कीर्तनात हा प्रसंग आला की आम्ही हात जोडतो. त्या दिवशी कोणाचे हात जोडले गेले नाहीत. आमच्या गटात ऊसतोडीला जाणाऱ्या सहाजणी आहेत. फडाच्या कडेला साडीची झोळी, पलीकडे ट्रॅक्टर, हातात कोयता. त्यातली एक म्हणाली, "तिनं पाणी आणू नये तर काय करावं?" दुसरी काही बोललीच नाही, उठून बाहेर गेली.

आम्ही गोरोबांची भक्ती कमी लेखत नाही. ते संतमंडळीतले थोरले, म्हणून तर काका. मुक्ताबाईनं विचारल्यावर थापटणं घेऊन संतांची डोकी थापटून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं हे सांगायचा मान त्यांचा. नामदेवांना कच्चं ठरवायला ते कचरले नाहीत. पण गोष्ट पुढं ऐका. संती चिडून विठ्ठलाची शपथ घालते, मला हात लावू नका. गोरोबा ती पाळतात. वंश कसा चालणार म्हणून तीच आपल्या धाकट्या बहिणीशी, रामीशी त्यांचं लग्न लावून देते. सासरे सांगतात, दोघींना सारखंच वागवा. गोरोबा दोघींपासूनही दूर राहतात. एका रात्री दोघी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर घेतात, शपथ मोडते, आणि ते स्वतःचे हात तोडून टाकतात. पुढं पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात, लेकरूही परत येतं.

आम्हाला खटकतं ते एवढंच, की लेकरू गेल्यावर संतीनं जे सोसलं, त्यासाठी आपल्या गावच्या भजनात जागा नाही. शपथ घालणारी रागीट बायको म्हणूनच ती लक्षात राहते. खरं तर त्या घरात तिचाच शब्द अखेरपर्यंत चालला.

आता कानडी माणसाला ही गोष्ट आपली का वाटली? संतांनीच विठ्ठलाला कानडा म्हटलं आहे. कर्नाटकातले पुरंदरदास आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचंच नाव घालतात. तुळजापूरला अश्विनी पौर्णिमेला पायी येणाऱ्या गर्दीत कानडी किती ऐकू येतं, ते रस्त्याकडेला चहा देणाऱ्या आपल्या बायकांना विचारा. गाण्यातही तेच. गदगकडचे भीमसेन जोशी, बोली कानडी, आणि अभंग गायले तर वारकऱ्यांनी डोळे मिटून ऐकले. 1966 च्या 'संध्याराग' या कानडी चित्रपटात तेही गायले आहेत आणि दक्षिणेकडचे बालमुरलीकृष्णही. एक उत्तरेच्या पद्धतीचं शास्त्रीय गाणं गाणारे, एक कर्नाटकी. नायक तिथंही राजकुमार, संगीतात व्यंकटेश. तो आम्ही अजून पाहिलेला नाही. आक्का म्हणतात, त्यात रडायला कमी आणि ऐकायला जास्त आहे.

चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबांची पुण्यतिथी. यंदा आम्ही तेरला जाणार आहोत. आक्कांनी दोन कानडी पदं बसवायला घेतली आहेत. आमच्यातली एक संतीवर चार ओळी जुळवतेय, चाल अजून सापडलेली नाही. उठून बाहेर गेलेली मैत्रीण म्हणाली, तिची ओवी मी गाईन, पण टाळ हळू वाजवा.