विश्लेषण : युरियाच्या गोणीतला नायट्रोजन जातो कुठे?

पाऊस उघडला, वाफसा आला की शेतात युरिया पडतो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन (नत्र) असतो. पण तो सगळा पिकाला मिळत नाही. उरलेला जातो कुठे?

हवेत भरपूर, तरी खत का?
हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. मात्र त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात, की पिकांना तो थेट घेता येत नाही. हा बंध तोडून हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला तो फ्रिट्झ हाबर यांनी, १९०९ मध्ये. कार्ल बॉश यांनी ही पद्धत कारखान्यात आणली. युरिया याच अमोनियापासून बनतो.

निसर्ग हे कसे करतो?
सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातील जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पिकाला देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर काम सुरू आहे असे समजावे.

गळती कुठे होते?
युरिया जमिनीत विरघळला की त्याचा अमोनिया होतो. खत वरवर फोकले तर त्यातला काही अमोनिया हवेत उडतो. उरलेल्याचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मातीचे कण नायट्रेट धरून ठेवत नाहीत, त्यामुळे जोराच्या पावसात ते झिरपून विहिरी-बोअरवेलपर्यंत पोहोचते. पाणी साचलेल्या जमिनीत दुसरे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा वायू करतात. चक्र इथे पूर्ण होते. मात्र त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून बाहेर पडतो.

धोका काय?
पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. नायट्रस ऑक्साइड तर १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो.

उपाय काय?
एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी पिकाच्या गरजेनुसार हप्त्यांत खत देणे, ते मातीआड करणे, जोराच्या पावसाच्या तोंडावर न देणे आणि आधी माती परीक्षण करणे. निंबोळी तेलाचा लेप नायट्रेट बनण्याचा वेग कमी करतो, म्हणून देशात युरिया निमलेपित मिळतो. कडधान्याची फेरपालट केली तर पुढच्या पिकाचे खतही काहीसे वाचते.