ललित निबंध : सराव, साचा आणि सातत्य

ललित निबंध हा ‘मी’चा वाङ्मयप्रकार आहे, असे आपण पदव्युत्तर वर्गात शिकवितो, तो लिहिण्याचा सराव मात्र क्वचितच करून घेतो. आत्मपरता ही उपजत वृत्ती, तेव्हा तिचा अभ्यास कसला, असे त्यामागील गृहीतक असते. या प्रकाराला कोणता सराव उपकारक ठरतो आणि कोणता मारक, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठीतील या प्रकाराचा इतिहास येथे बोलका आहे. ना. सी. फडके यांनी १९२६ मध्ये ‘रत्नाकर’ मासिकातून ‘गुजगोष्टी’ लिहावयास प्रारंभ केला. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या लेखनाने लघुनिबंधाला प्रतिष्ठा आणि सफाई लाभली. क्षुल्लक वाटणारा विषय, खेळकर प्रारंभ, मध्ये एखादी आठवण आणि अखेरीस किंचित चिंतन, असा आराखडा रूढ झाला. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती मात्र त्याचा साचा झाला. त्यांच्या लेखनात सातत्य होते, पण ते आराखडा गिरविण्याचे. अनुभवाकडे पुन्हा पाहण्याचे नव्हते.

ही कोंडी फोडणाऱ्या लेखिकांची तालीम निराळी होती. इरावती कर्वे यांचा व्यवसाय मानववंशशास्त्राचा. माणसे, नाती आणि चालीरीती न्याहाळणे हे त्यांचे नित्याचे काम. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील त्याच नावाच्या निबंधात त्यांची ओळख कोणाची कन्या, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते. तीत राहिलेली उणीव भरून निघते ती रस्त्यावरील मुलांच्या बोलण्यातून, मुलाची आई म्हणून. येथे ‘मी’ सजविलेला नाही. तो इतरांच्या नजरेतून तपासलेला आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे रूप टिपते. असे लेखन एका उत्कट क्षणी साधत नाही. तेच झाड, तेच आकाश पुन्हा पुन्हा पाहण्याची चिकाटी त्यामागे असते.

देगलूरसारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कर्नाटक आणि तेलंगणाला लागून असलेल्या आणि १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या या तालुक्याच्या बोलीत कन्नड, तेलुगू, उर्दू यांचे संस्कार मिसळले आहेत. येथील विद्यार्थी लिहावयास बसला की प्रथम ही बोली बाजूला ठेवतो. घरी ‘मिरग निघाला’ म्हणणारा कागदावर ‘वर्षा ऋतूचे आगमन झाले’ असे लिहितो. पहिल्या खर्ड्यातील ‘मी’ बहुधा असा उसना असतो. ‘वडील शेतमजूर होते’ या वाक्यातील ‘शेतमजूर’ खोडून ‘सालगडी’ लिहिले, की पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेले वर्ष आणि अंगावरची उचल सारे काही निबंधात येते. शब्द बदलल्याने केवळ शैली बदलत नाही, अनुभव खरा होतो. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे आत्मकथन सुट्या आठवणींतून आकारले आहे. आपल्या भागातील बोली किती सोसू आणि सांगू शकते, याचा तो वस्तुपाठ होय.

म्हणून सरावाची दिशा ‘अधिक लिहा’ एवढीच असून भागणार नाही. लेंडी नदी, आठवडी बाजार किंवा घरातील एखादी वस्तू, असा एकच विषय वर्षभर दरमहा लिहावयास द्यावा. दुसऱ्या खर्ड्यात उसने शब्द शोधावेत, तिसऱ्यात ओढून आणलेले तात्पर्य काढून टाकावे, आणि नंतर निबंध मोठ्याने वाचून आपलाच आवाज ऐकू येतो का, हे पाहावे. खर्डे जपून ठेवावेत व मूल्यमापनात त्यांनाही गुण असावेत. अन्यथा विद्यार्थी पुनर्लेखनाला शिक्षा समजतो.

प्रतिभा वर्गात देता येत नाही, हे खरे. परंतु पुन्हा पाहण्याची सवय लावता येते. ती न लावता ‘तुला लिहिता येत नाही’ असा निवाडा विद्यार्थ्याला सुनावणे अन्यायाचे होईल. कारण आपल्या घरची भाषा लिहिण्याजोगी नाही, हाच अर्थ तो त्यातून घेऊन जातो.