साठ उपायांची जखम

इंदूरच्या सियागंजात काष्ठौषधींच्या दुकानापुढे उभं राहून पोत्यांवरून नुसती नजर फिरवावी. तांबूस काड्या मंजिष्ठेच्या, पिवळ्या ढलप्या दारुहळदीच्या, खरबरीत साली लोध्राच्या. शेजारी ज्येष्ठमध, हिरडा, कुटकी, अनंतमूळ आणि अर्थातच हळकुंडं. अनोळखी माणसाला ही सगळी वाळकी लाकडं वाटतील. पण यातलं प्रत्येक द्रव्य एकाच तेलात पडतं. जात्यादी तेल हे त्याचं नाव. त्याचा पाठ शार्ङ्गधरसंहितेत आहे आणि तयार बाटली आजही इंदुरातल्या कुठल्याही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळते. पोत्यांतल्या या द्रव्यांखेरीज त्यात जाई, कडुनिंब, कडू पडवळ आणि करंज यांची पानं असतात, मधमाश्यांचं मेण असतं आणि चक्क मोरचूदही असतो.

एका जखमेसाठी एवढा मेळा कशाला? हा प्रश्न मनात आला की जखमेकडे बघण्याची आपली रीतच बदलते.

कापलेलं बोट वरून बघितलं तर नुसतं दुखत असतं. आत मात्र कामाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आधी रक्तातल्या बिंबिका गोळा होऊन भोक बुजवतात. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात आणि जंतू व मेलेला कचरा खायला लागतात. लाली, सूज, हाताला गरम लागणं हे सगळं त्या साफसफाईचं लक्षण. तीन-चार दिवसांनी फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, कडेची त्वचा मध्याकडे सरकते. जखम मिटल्यावरही आतली डागडुजी महिनोन्‌महिने चालते. तरीही वण कधी मूळ कातडीइतका मजबूत होत नाही. फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचतो.

सूक्ष्मदर्शक नसताना सुश्रुतसंहितेने या प्रवासाचे टप्पे पाडले होते, हे मला अजूनही थक्क करतं. बिघडलेला तो दुष्ट व्रण, स्वच्छ झालेला तो शुद्ध, भरत आलेला रुह्यमाण आणि भरून गेलेला रूढ. प्रत्येकाची लक्षणं निराळी, म्हणून उपचारही निराळे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. सूज उतरवण्यापासून सुरुवात आहे. मध्ये चिरणं, शिवणं, धुणं, धुरी देणं, बांधणं येतं. शेवटाकडे तर वण काळा असेल तर उजळवायचा कसा, पांढरा पडला असेल तर त्वचेच्या रंगाचा करायचा कसा, त्यावर पुन्हा केस उगवायचे कसे, इथपर्यंत विचार पोचतो. जखम भरली म्हणजे वैद्याचं काम संपलं, असं त्या ग्रंथाला वाटत नाही. माणूस आरशात बघतो तिथपर्यंत तो जातो.

या साठांमधले दोन शब्द वनस्पतींच्या दृष्टीने कळीचे: शोधन आणि रोपण. आधी साफ करायचं, मग भरून आणायचं.

धुण्यासाठी पंचवल्कलाचा काढा. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ या पाच झाडांच्या साली. यातली निम्मीअधिक झाडं आपण इंदुरात रोज ओलांडून जातो, एखाद्या पाराशी टेकतोही. त्यांच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांना धरून घट्ट करतं, त्यामुळे जखमेतून पाझरणारा स्राव आटतो, वर पातळसा पापुद्रा धरतो आणि जंतूंना तिथे राहणं अवघड होतं. कच्च्या सुपारीने तोंड ओढल्यासारखं होतं, तोच हा तुरटपणा. जिभेला नकोसा वाटणारा गुण जखमेला हवासा असतो.

भरून आणण्याच्या टप्प्यावर तेल-तूप येतं, आणि इथे तर माझं कौतुक आवरत नाही. हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. तेलात किंवा तुपात हळद कालवून लावणाऱ्या आजीला हे कुणी शिकवलं होतं? औषधी तेल सिद्ध करण्याची रीतही तशीच बारकाईची. सर्वसाधारण प्रमाण असं की वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग आणि काढा किंवा पाणी सोळा भाग, आणि मंद आच. पाणी पुरतं उडालं की नाही हे थर्मामीटरविना कसं कळावं? कल्क बोटांमध्ये वळून बघायचा. त्याची वात झाली पाहिजे. ती विस्तवावर धरायची. तडतडली नाही म्हणजे आत पाण्याचा अंश उरला नाही. शिवाय तेल होत आलं की फेस येतो आणि तूप होत आलं की फेस बसतो. पाणी राहिलेलं तेल लवकर खराब होतं, म्हणून हा कान देऊन ऐकण्याचा खटाटोप. लोकमान्यनगरच्या शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी विद्यार्थी आजही ही पाकपरीक्षा अभ्यासतात.

पानवाल्याच्या लोटीतल्या काताचीही यात एक मोठी गोष्ट आहे. टिपूबरोबरच्या युद्धात, १७९२ साली, इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्याचे क्रूसो आणि फिंडले हे दोन डॉक्टर ते बघत होते. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनने ऑक्टोबर १७९४ मध्ये हे छापलं आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन शल्यविशारद जोसेफ कार्प्यूने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कातडी वळवण्याच्या कौशल्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला त्या वृत्तांतातली मलमपट्टी जास्त खिळवून ठेवते. कुंभाराने काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक सांध्यावर बसवल्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. आधी तुरट, मग स्निग्ध: संहितेतला क्रम एका कारागिराच्या हातात जसाच्या तसा होता.

हळदीवर तर खटलाच उभा राहिला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं. त्या पेटंटला पुढे भारतातून आव्हान दिलं गेलं तेव्हा गोव्याच्या माशेलचे रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने बत्तीस संदर्भ पुढे ठेवले, त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने ग्रंथ होते. ऑगस्ट १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. घराघरातलं ज्ञान तिथे पुरावा म्हणून उभं राहिलं ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट निसटू नये. खोल जखम, गंजलेल्या लोखंडाची जखम, जनावराचा चावा, मधुमेह्याच्या पायाचा व्रण यांवर घरची पूड दाबून बसणं धोक्याचं आहे. धनुर्वाताची लस आणि डॉक्टर आधी. मधुमेह्यांचे व्रण कष्टाने बरे होतात, हे सुश्रुतानेही बजावलं आहे. त्यात बाजारच्या हळदीत रंगासाठी शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत. उघड्या मांसावर टाकायला ती पूड नव्हे.

आणि शेवटी कंबरमोडी. रेल्वेच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, मैदानाच्या काठावर लांब देठावर इवलं पांढरं-पिवळं फूल डोलत असतं. तीच एकदांडी, तोच दगडी पाला. गुडघा फुटला की पानं चुरगळून रस पिळायचा, हे खेड्यापाड्यांत कुणालाही विचारा. पण ही वनस्पती मूळची मध्य अमेरिकेची. सुश्रुताने ती कधी पाहिली नसणार. समुद्रापलीकडून आलेलं हे तण इथल्या कुणीतरी जखमेवर लावून पाहिलं, गुण आला म्हणून दुसऱ्याला सांगितलं आणि बघता बघता ते देशभराचं औषध झालं. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी जखम भरण्यावरचा तिचा परिणाम प्रयोगशाळेत तपासून प्रसिद्ध केला, पण लोक तोवर थांबले नव्हते.