पायी निघणाऱ्यांची वाट कोण आखणार?

७ मे २०२० ची बुद्धपौर्णिमा आपण टाळेबंदीमुळे घरातच साजरी केली. त्याच संध्याकाळी जालन्याच्या पोलाद कारखान्यातील २० मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघाले. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रेल्वेचे रूळ धरले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या धावत होत्या. थकून ते करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवरच झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडीने १६ जणांचा बळी घेतला. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या.

रुळांवर झोपले म्हणून मेले, असे म्हणणारेही भेटतात. आमचा सवाल वेगळा आहे. त्यांना चालायला सुरक्षित वाट होती कुठे? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना करावी लागते. त्यात पायी जाणाऱ्यांची वाट आहे काय? ग्रामसभेत विचारा.

तोवर आपणही कामाला लागू. पूर असो, आग असो की दंगल, ज्याच्याकडे वाहन नाही तो चालणारच. रविवारच्या वंदनेनंतर तरुणांनी वस्तीबाहेर पडण्याच्या दोन वाटा स्वतः चालून पाहाव्यात. लेकराबाळांसह तासाला तीन किलोमीटरच धरावेत. पाणी कुठे, मुक्काम कुठे, ओढ्याला पूर आला तर दुसरी वाट कोणती, हे विहारातील फळ्यावर लिहावे. रुळांची वाट कधीही धरू नये. आणि अनोळखी वाटसरू दिसला, तर विहाराचे दार उघडावे. त्या पौर्णिमेच्या रात्री कुणी ‘इथे टेका’ म्हटले असते, तर कदाचित ती १६ माणसे घरी पोहोचली असती.

जय भीम!