टिंबांमधून फिरणारी रेषा

कोऱ्या कागदावर काही टिंबे काढा. पाच काढा, पन्नास काढा. अट एवढीच, की कोणतीही तीन एका सरळ रेषेत येऊ नयेत. आता एका टिंबातून रेषा ओढा, त्या टिंबाला खिळा समजा आणि रेषा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. फिरताना दुसरे टिंब लागले, की खिळा तिथे हलवायचा. रेषा फिरतच राहते, पुढचे टिंब लागते, खिळा पुन्हा हलतो. सिद्ध करायचे ते असे: सुरुवात नीट निवडली, तर प्रत्येक टिंब अनंत वेळा खिळा होईल.

2011 साली ॲम्स्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमधला हा दुसरा प्रश्न. ‘पवनचक्की’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. समजून घ्यायला सातवीचे गणितही लागत नाही. तरीही देशोदेशींच्या निवडक साडेपाचशेहून अधिक मुलांचे या प्रश्नातले सरासरी गुण सातपैकी एकाहूनही कमी पडले. सूत्रे पाठ नव्हती असे नाही; इथे वापरायला सूत्रच नाही.

मग अशा परीक्षेची तयारी करायची कशी? आधी हाताने खेळून पाहायचे. चार टिंबे घ्या, तीन त्रिकोणात आणि चौथे आत. रेषा कडेच्या टिंबातून अशी सुरू करा, की बाकीची सगळी टिंबे तिच्या एकाच बाजूला राहतील. ती कडेकडेनेच फिरत राहील. आतल्या टिंबाला कधीच शिवणार नाही. म्हणजे सुरुवात कुठून करायची, यातच सारे आहे. हे फसलेले उदाहरण म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, उत्तराकडे बोट दाखवणारी पहिली खूण आहे. कडेवरून जमत नाही, तर मधोमध जाऊन पाहू!

दुसरी सवय माझ्या मते सगळ्यात मोलाची: एवढी हालचाल चालू असताना बदलत नाही असे काय आहे, हे विचारण्याची. रेषेला दिशा द्या, म्हणजे तिला डावी आणि उजवी बाजू येईल. समजा, उजवीकडचे एक टिंब रेषेला लागले. ते खिळा झाले, म्हणजे उजवीकडचे एक कमी झाले. पण रेषा पुढे सरकताच जुना खिळा नेमका उजवीकडेच जाऊन पडतो. डावीकडेही तसेच. एक गेले, एक आले! दोन्ही बाजूंच्या टिंबांची संख्या कायम तीच राहते.

आता टिंबांची संख्या विषम घ्या आणि मधल्या टिंबातून अशी रेषा ओढा, की दोन्हीकडे सारखीच टिंबे राहतील. रेषा अर्धा फेरा फिरली, की दिशा उलटी होते, पण दोन्हीकडची वाटणी सारखीच असते. त्या दिशेत अशी रेषा एकच असते. म्हणून ती मूळ जागीच परत आलेली असणार. फक्त डावे ते उजवे झाले आणि उजवे ते डावे. म्हणजे पहिला खिळा सोडून प्रत्येक टिंबाने बाजू बदलली. रेषेचा स्पर्श झाल्याशिवाय बाजू बदलत नाही, आणि स्पर्श झाला म्हणजे ते टिंब खिळा झालेच. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात हेच घडते, आणि फेऱ्यांना अंत नाही. संख्या सम असेल तर थोडी जास्त काळजी घ्यावी लागते, कल्पना तीच. ही सिद्धता मी कितीदा वाचली तरी दर वेळी थक्क होतो.

भारताचा संघ 1989 पासून या स्पर्धेत उतरतो. 1996 ची स्पर्धा तर मुंबईतच भरली होती. आपल्याकडे पहिल्या पायरीवर, आयओक्यूएममध्ये, उत्तराचा आकडा तेवढा नोंदवायचा असतो. पुढच्या आरएमओ आणि आयएनएमओ या पायऱ्यांवर मात्र सिद्धता लिहावी लागते, आणि अनेक मुले अडखळतात ती इथेच. मनात लख्ख दिसलेली गोष्ट कागदावर उतरवताना ‘हे उघडच आहे’ असे लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच ओळीत भोक असते. म्हणून सुटलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी नव्याने लिहून काढावे, सोबत्याला वाचायला द्यावे आणि प्रत्येक ओळीवर त्याला ‘का?’ विचारू द्यावे.

आणि थांबायची सवय हवी. ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस रोज साडेचार तास असतात आणि प्रश्न फक्त तीन. शाळेत दोन मिनिटांत गणित सुटले नाही तर मुले मागचे पान उलटून उत्तर बघतात. इथे एकाच प्रश्नापाशी तास न् तास बसावे लागते, कधी काहीच हाती न लागता. पण या स्पर्धेत कच्चे लिखाणही तपासले जाते. प्रत्येक देशाचे मार्गदर्शक आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिका ओळ न् ओळ वाचतात आणि परीक्षकांसमोर बसून गुणांवर चर्चा करतात. पवनचक्कीत दोन्ही बाजूंची संख्या बदलत नाही एवढे ज्याच्या लक्षात आले, तो बाकीचे सुचले नाही तरी उत्तराच्या पुष्कळ जवळ पोचलेला असतो.